वाटणीच्या दिवशीचा हिशेब

२०१६ सालच्या जून महिन्यातील २४ तारीख आम्हांस चांगली स्मरते. आमच्या नोकरीची अखेरची वर्षे चालू होती. पेरणीचे दिवस असल्यामुळे अकोल्यास जो तो आभाळाकडे डोळे लावून बसलेला. परंतु शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी पावसाची गोष्ट कोणी काढली नाही. आदल्या दिवशी विलायतेच्या जनतेने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला होता. बाहेर पडा म्हणणारे शेकडा ५१.९, राहा म्हणणारे शेकडा ४८.१. वाणिज्य शिकविणारे आमचे तरुण सहकारी हर्षाने फुलून गेले होते. विलायत दर आठवड्यास ३५ कोटी पौंड संघाच्या पदरात घालते, असे तेथील बाहेर-पक्षाने एका तांबड्या बसगाडीवर रंगवून गावोगाव फिरविले होते. ते वाक्य यांना तोंडपाठ. (सवलत वजा जाता खरी रक्कम बरीच कमी होती, ही गोष्ट अलाहिदा.) पौंडाचा भाव त्या दिवशी ३१ वर्षांतील तळाला गेला, त्याचीही त्यांनी सोय लावली होती: पौंड स्वस्त झाला की माल अधिक खपेल! "मास्तर, पाच वर्षे थांबा," ते म्हणाले, "जर्मनीचे मोटारवालेच यांच्या दारात येऊन उभे राहतील."

आम्ही संस्कृताचे शिक्षक. पौंडाचे आम्हांस काय कळणार? पण आम्ही गप्प बसलो ते त्यामुळे नव्हे. आम्हांस आमच्या घरची वाटणी आठवली होती.

ती १९९० च्या सुमारास झाली. अमरावतीजवळच्या एका खेड्यात आमची वडिलार्जित कोरडवाहू जमीन. शेती दादा, म्हणजे आमचे थोरले बंधू, पाहत. आम्ही अकोल्यास मास्तरकी करून दरमहा पगारातून घरी पैसे पाठवीत असू. एके रात्री कागद घेऊन बसलो. दहा वर्षांत आपल्याकडून घरात किती गेले, दादांच्या मुलांच्या शिक्षणास किती, पुतणीच्या लग्नास किती, आल्यागेल्यास किती, असे सारे मांडले. बेरीज पाहून आमचे आम्हांसच नवल वाटले. हे सगळे यापुढे आपल्या पदरी राहणार! त्या रात्री आम्हांस झोप आली नाही ती दुःखाने नव्हे, आनंदाने. आमच्या कुटुंबाने सकाळी तो कागद वाचला आणि एवढेच विचारले, "यात आपल्याकडे आलेले कोठे लिहिले आहे?" आम्ही उत्तर दिले नाही. ते आम्हांस पुढच्या ज्येष्ठात मिळाले. त्याची हकीकत ओघाने येईल.

वऱ्हाडच्या माणसास हा विषय परका वाटण्याचे वास्तविक कारण नाही. एका मोठ्या राष्ट्राचा अर्धा भाग कौल घेऊन फुटला, आणि त्याच्या आशेचा पैसा आमच्याच कापसाच्या गाड्यांत येऊन पडला, असे एकदा घडलेले आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांची ही कथा. आपण कमवावे आणि उत्तरेने खावे, असा हा संसार आहे, असे त्यांस वाटू लागले होते. फुटण्याचे मूळ कारण गुलामगिरी राखण्याचे होते, त्यावर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाही. परंतु घराबाहेर पाऊल टाकण्याचे धैर्य दिले ते कापसाने. दक्षिण कॅरोलायनाचे सेनेटर हॅमंड यांनी १८५८ सालीच भर सभागृहात कापसास राजपद बहाल केले होते. आम्ही तीन वर्षे कापूस पाठविला नाही तर विलायत कोसळेल, असा त्यांच्या भाषणाचा आशय. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलायना बाहेर पडले. टेक्सासने २३ फेब्रुवारी १८६१ रोजी मतदारांचे मत घेतले, तेव्हा तीनास एक असा बाहेर पडण्याच्या बाजूने कौल पडला.

त्यांचा हिशेब वरवर पाहता चोख होता. विलायतेच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचे पाचांतले सुमारे चार हिस्से अमेरिकेतून जात. धाक घालावयास आणखी काय हवे? १८६१ च्या हंगामात दक्षिणेच्या मळेवाल्यांनी आपण होऊनच कापूस दाबून धरला. विलायत कळवळेल, मान्यता देईल, प्रसंगी आरमार पाठवील! लिव्हरपूलच्या वखारी मागल्या भरघोस हंगामांच्या मालाने भरलेल्या आहेत, हे त्या हिशेबात नव्हते. पुढे उत्तरेच्या आरमाराने बंदरे आवळली, आणि जो कापूस हट्टाने विकावयाचा नव्हता तो विकू म्हटले तरी विकता येईना. लँकेशायरात गिरण्या बंद पडल्या, विणकर धर्मादाय अन्नावर जगू लागले. विलायत कळवळली खरी, पण दक्षिणेच्या मदतीस धावली नाही. ती दुसऱ्या दारी गेली.

दुसरी दारे अनेक होती, मिसर देशाचे होते, गुजराथेचे होते. त्यांतलेच एक आमचे. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेले. येथील कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जाई. आता त्यास लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' हे नाव पडले. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. ज्या गावचे नाव त्या दलालांस धड उच्चारता येत नव्हते, त्याचा भाव ते रोज फळ्यावर लिहू लागले. लढाईच्या भरात कापसाचा भाव चौपटीच्या घरात गेला. शेतकऱ्यांनी नांगरास चांदीचे फाळ आणि गाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या, असे त्या काळच्या कापूसमुलखाविषयी सांगतात. त्यात अतिशयोक्ती किती, हे आम्हांस ठरविता येत नाही. पण चांदीची धाव चिखलातून नेण्याचा मोह ज्यास झाला असेल त्याच्या मनाची अवस्था आम्ही ओळखू शकतो. कागद घेऊन बसलेल्या रात्री आमची तीच होती.

मुंबईने तर ताळतंत्रच सोडले. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. शेट प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर पेढ्या उघडत. १८६५ च्या एप्रिलात दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्र खाली ठेवले, अमेरिकेचा कापूस पुन्हा वाटेला लागणार हे दिसू लागले, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे पैसे चुकते करण्याचा दिवस उजाडला तो घरेच्या घरे बुडवीत. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंदांनी आईच्या नावे दिलेल्या देणगीतून उभा राहिला; त्या भरतीचे एवढे एक चिन्ह डोळ्यांस दिसते.

आणि वऱ्हाड? आमचा कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरचा विणकर तो नाइलाजाने घेत होता. अमेरिकेचा लांब धागा परत मिळताच त्याने आमच्याकडे पाठ केली. सर्वांत मौजेची गोष्ट म्हणजे आगगाडी नागपुरास पोचली ती १८६७ साली, खामगावच्या फाट्याचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले ते १८७० साली. लग्न आटोपल्यावर वाजंत्री आले! भाव उतरले, पण चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज उतरले नाही. सावकाराने हात आखडले. दख्खनात १८७५ साली सुपे येथून सावकारांच्या वह्या जाळण्याचा जो दंगा पसरला, त्याच्या कारणांत हेही एक कारण अभ्यासक सांगतात. मात्र सगळेच वाहून गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. रेल्वे राहिली, सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने आले, कारंज्यास १८८६ साली कापसाचा नियमबद्ध बाजार बसला. चांदीच्या धावा मोडीत गेल्या. मालाचे माप आणि व्यवहाराचे नियम मागे राहिले. आमच्या दृष्टीने त्या तेजीची खरी प्राप्ती तीच.

लँकेशायरातील बर्नली हे जुने विणकरांचे गाव. २०१६ साली त्याने शेकडा ६६ मतांनी युरोपाशी काडीमोड घेण्याच्या बाजूस कौल दिला. गिरण्या केव्हाच बंद पडलेल्या. आपल्या घरचे कोणीतरी बाहेर नेऊन दिले, ही भावना मात्र शिल्लक. ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. त्या वेळी भविष्य सांगणाऱ्यांचे दोन तट होते. कार्डिफचे प्राध्यापक पॅट्रिक मिनफर्ड हे बाहेर पडल्याने राष्ट्राचे उत्पन्न सुमारे शेकडा ४ वाढेल म्हणत. तेथील अर्थखाते, नुसता कौल पडताच वर्षभर मंदी येईल म्हणे. अर्थखात्याची मंदी काही आली नाही, आणि आमच्या वाणिज्याच्या मास्तरांनी त्याबद्दल आम्हांस चहा पाजला. पुढे सरकारी अंदाजपत्रकाची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या तेथील कार्यालयाने, बाहेर पडल्याने उत्पादकता कालांतराने शेकडा ४ ने कमी भरेल, असे अनुमान काढले. आकडा तोच, चिन्ह तेवढे बदलले.

विलायत ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून निघाली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस जकातीच्या एका घरातूनही निघाली. पहिला चटका कोणास बसला? कोळ्यांस. आपला समुद्र आपला होईल या आशेवर तेच सर्वांत पुढे होते. मासळी मिळाली, तिच्याबरोबर जाणारे दाखले, तपासण्या आणि शिक्के यांत गाड्या अडून राहू लागल्या, आणि मासळी ही काही वाट पाहणारी वस्तू नव्हे. १८ जानेवारी २०२१ रोजी स्कॉटलंडच्या मासळीवाल्यांनी आपल्या मालमोटारी लंडनात पंतप्रधानांच्या निवासाजवळ आणून उभ्या केल्या. संघास दिले जाणारे पौंड बसगाडीवर लिहिता आले होते; बिनदाखल्याने सुटणारी गाडी ही प्राप्ती आहे, हे ती सुटेनाशी होईपर्यंत कोणी जमेस धरले नव्हते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २४ जुलै २०२५ रोजी हिंदुस्थान व विलायत यांच्यात व्यापाराचा करार सह्यांनिशी झाला. संघात असती तर विलायतेस तो एकटीने करताच आला नसता. आपल्या कापडावरील जकात त्यात शून्यावर आणण्याचे ठरले. आमचे सहकारी आता दुसऱ्या गावी असतात. त्यांचा त्याच रात्री फोन. "मास्तर, उमरा पुन्हा विलायतेस निघाला!" आम्हांसही आनंद झाला, का होऊ नये? परंतु महिनाही लोटला नाही तोच, १९ ऑगस्टपासून आपल्या सरकारने परदेशी कापसावरील शेकडा ११ जकात उठविली व ती सूट पुढे वर्षाच्या अखेरपर्यंत वाढविली. म्हणजे आमच्या पऱ्हाटीला बोंडे धरण्याच्या सुमारास अमेरिकेच्या कापसास दार मोकळे. लांब धाग्याच्या कापसास ८११० रुपये हमीभाव त्या हंगामास जाहीर होता. खासगी व्यापाऱ्याच्या दारी तो मिळतो की नाही, हे ज्याच्या घरी कापूस आहे त्यास विचारावे. गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जाते. १८६१ साली ते दुसरे दार आमचे होते, एवढाच फरक.

हे सर्व लिहिताना वाचकांच्या मनात कोणता प्रश्न घोळत असेल तो आम्ही जाणतो. वऱ्हाडास फुटण्याचा विषय नवा नाही. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले तेव्हापासून, आमच्या कापसाचा महसूल नागपूर-जबलपुराकडे जातो, ही तक्रार आमच्या वाडवडिलांच्या तोंडी होती. १९४७ साली अकोला करार झाला, १९५३ साली नागपूर करार. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, आणि १९५६ साली आम्ही मुंबईच्या मोठ्या घरात आलो. दांडेकर समितीने १९८४ साली मोजलेल्या एकूण अनुशेषात सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा निघाला, तेव्हा तक्रार पोकळ नव्हती हे सिद्धच झाले. लोकनायक अण्यांसारखा विद्वान पुरुष स्वतंत्र विदर्भ मागत होता, तो काही लहर म्हणून नव्हे. तरीही वेगळ्या राज्याच्या सभेत जो हिशेब मांडला जातो त्यात वीज किती जाते, कोळसा किती जातो, संत्री व कापूस किती जातो हे असते, आणि टाळ्या पडतात. मुंबईच्या करांतून काय येते, उद्या कर्ज काढावयाचे झाले तर कोणत्या नावावर, हे असत नाही. ते मांडल्यावरही वेगळे व्हावे असेच ठरले, तर आमचा हात वर आहे. मांडल्याशिवाय मात्र नाही.

आता ज्येष्ठाची ती हकीकत. वाटणीनंतरची पहिली पेरणी. त्या काळी कापूस सरकारच्या एकाधिकार योजनेत घालावा लागे व चुकारे हप्त्याहप्त्याने येत, म्हणून बी-खत सर्वजण उधारीवर उचलीत. आमच्या घराण्याची ज्या दुकानी तीस वर्षे उधारी, तेथे आम्ही ऐटीत गेलो. दुकानदाराने खुर्ची दिली, चहा मागविला, मुलांची चौकशी केली. यादी पुढे करताच ती वाचून त्याने घडी केली आणि नम्रपणे म्हणाला, "मास्तरसाहेब, राग मानू नका, दादांना एकदा सोबत घेऊन या." नोकरी आमची, पगार आमचा, पण त्या वहीत आमचे नाव नव्हते.

दोन दिवस आम्ही कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या कुटुंबाने वहिनींकडे निरोप धाडला असावा, कारण सकाळी दादाच दारात उभे. वाटणीनंतर ते प्रथमच आले होते. दुकानात गादीवर बसले, आमच्याकडे न पाहता दुकानदारास म्हणाले, "धाकट्याचे माझ्याच पानावर लिहा." नंतर पाणी प्याले आणि परतीच्या एस.टी.ची वेळ विचारू लागले.