अडगळीचे वाचन

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही कादंबरी २०१० साली आली आणि ‘अडगळ’ हा शब्द मराठी समीक्षेत प्रतिष्ठा पावला. घराघरांतल्या खऱ्या अडगळीला मात्र ती लाभलेली नाही. कंधारसारख्या तालुक्याच्या गावी म्हातारे माणूस जाते. मुले पुण्याला किंवा हैदराबादला असतात. तेरावे उरकले की उरलेल्या रजेत माळवदाचे घर रिकामे करायचे असते. पितळी भांडी वाटली जातात, सागवानी तुळयांना गिऱ्हाईक मिळते, लोखंड भंगारात जाते आणि कागद रद्दीत. भांड्यांवरून भाऊबंद भांडतात. कागदांवरून कुणी भांडत नाही. जपले जातात ते फक्त जमिनीचे कागद. पत्रे, हिशेबाच्या वह्या, बायकांनी उतरवून घेतलेल्या ओव्या यांना वारस नसतो.

मराठवाड्यात हे दुखणे अधिक खोल आहे. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तिथला कारभार आधी फारसीत आणि १८८४ पासून उर्दूत चाले. घरचा जमाखर्च मोडीत, पोथ्या बाळबोधीत. एकाच ट्रंकेत तीन लिप्या नांदू शकतात आणि आजच्या वारसाला बहुधा एकच वाचता येते. जे वाचता येत नाही ते निरुपयोगी, हा निवाडा मग आपोआप होतो.

सगळेच जपावे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शहरातल्या दोन खोल्यांत वाडा मावत नाही. निवड अटळ आहे. पण वाचनाशिवाय केलेली निवड ही निवडच नव्हे. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची जुनी प्रत बीडजवळच्या पाटांगणची. तोवर ती कुणीतरी राखली होती, म्हणूनच शोधणाऱ्याला सापडली.

तेव्हा आवराआवरीचा क्रम बदलावा. कागद सर्वांत आधी वेगळे काढावेत आणि सर्वांत शेवटी हलवावेत. रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी मोडी किंवा उर्दू जाणणाऱ्याला एक दिवस द्यावा. प्रत्येक गठ्ठ्याचे छायाचित्र घेऊन तो कुणाचा, कोणत्या घरातला, एवढे तरी टिपून ठेवावे. घरापासून तुटलेला कागद अर्धा मुका होतो. मराठी आणि उर्दू विभागांच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना अशा घरी पाठवावे. संहिताचिकित्सा वर्गात शिकवायची आणि संहिता मात्र तराजूवर जाऊ द्यायच्या, ही विसंगती आपल्याला फार काळ परवडणारी नाही.