अकरा महिने आणि चौदा वर्षं

आमच्या फ्लॅटमध्ये सध्या तिघीजणी राहतात. मी, माझी रूममेट आणि तर्री. पैकी दोघी भाडं भरतात. तिसरी दिवसभर सोफ्यावर पसरून, भाड्याशी आपला काडीचाही संबंध नाही अशा चेहऱ्याने पंख्याकडे बघत असते.

तर्री म्हणजे आमची कुत्री. 'आमची' म्हणायचं नाही, असं मी स्वतःला रोज बजावते. कारण ती इथे पाहुणी आहे. कायमचं घर मिळेपर्यंत तिला सांभाळायचं, एवढंच माझं काम. याला 'फॉस्टर' म्हणतात. जुलैतल्या एका धो-धो पावसाच्या रात्री, कर्वेनगरात मिसळीच्या एका बंद गाडीखाली ती सापडली. मागचा पाय मोडलेला, अंगभर गोचिडी आणि रंग थेट तर्रीसारखा लालसर. नाव शोधायला वेळच लागला नाही. (मिसळ मात्र तिला वर्ज्य! कांदा कुत्र्यांना विषारी असतो. चॉकलेट आणि द्राक्षंसुद्धा. मास कॉमच्या कुठल्याच पेपरला हे नव्हतं.)

'फक्त पंधरा दिवस गं,' असं रूममेटला सांगून तिला घरी आणलं. त्याला आता चार महिने झाले.

पाय जुळला. चालताना किंचित लंगडते, पळताना कळतही नाही. रेबीजची लस झाली, पार्व्हो-डिस्टेंपरचे डोस झाले, नसबंदी झाली. वय साधारण वर्षभर. थोडक्यात, स्थळ उत्तम आहे. मग मी रीतसर वधूसंशोधनाच्या उलटा कार्यक्रम सुरू केला. फोटो काढले, व्हॉट्सॲपवर फिरवले, ओळखीपाळखीत सांगून ठेवलं. फोन यायला लागले.

'ब्रीड कोणतं?'

'देशी.'

'अच्छा... कळवतो हं.'

हे 'कळवतो' ऐकून माझ्या ताईच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांची आठवण झाली. तेव्हाही लोक पोटभर पोहे खाऊन 'कळवतो' म्हणूनच जिना उतरायचे.

शेवटी एक स्थळ जमलं. नवरा-बायको दोघंही हिंजवडीत आयटीमध्ये, स्वतःचा फ्लॅट, मोठी बाल्कनी. सही! मी तर्रीचं पांघरूण, चेंडू, जेवणाचं भांडं असं सगळं बांधून दिलं आणि रिक्षात बसून ढसाढसा रडले.

नवव्या दिवशी फोन आला. ती दिवसभर रडते, शेजारी तक्रार करतात, चपलांचं कपाट कुरतडून ठेवलंय. सॉरी, पण नाही जमणार. संध्याकाळी तर्री परत आमच्या दारात.

दोन दिवस मी त्या दोघांना मनातल्या मनात सॉलिड शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी जरा डोकं थंड झालं आणि लक्षात आलं, घोळ माझाच होता. मी घरून काम करते. म्हणजे तर्रीने दहा तास एकटीने कधी काढलेच नव्हते. ते मी सांगितलं नाही. 'एकदम शांत आहे हो,' असं ठोकून दिलं. मुलीचा चष्मा लपवून फोटो पाठवणाऱ्या मध्यस्थात आणि माझ्यात काय फरक राहिला?

प्राण्यांसाठी काम करणारे लोक तीनचा एक साधा फंडा सांगतात. नव्या घरात कुत्र्याचे पहिले तीन दिवस भेदरलेले असतात, तीन आठवड्यांत त्याला घराचं वेळापत्रक कळतं आणि हे घर आपलं आहे, हे पटायला तीन महिने लागतात. हिशोब ढोबळ आहे, पण त्या दोघांना तो आधी सांगितला असता, तर कदाचित त्यांनी धीर धरला असता. किंवा सुरुवातीलाच 'नाही' म्हणाले असते. तेही चाललं असतं! उशिरा आलेल्या 'नाही'पेक्षा वेळेवरचं 'नाही' परवडतं.

आता दुसरं टेन्शन. आमचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट या महिनाअखेरीस संपतंय आणि घरमालक काका फ्लॅट विकतायत. काका भले आहेत, त्यांनी तर्रीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण नवीन घर शोधताना एजंट पहिल्याच वाक्यात सांगतो, 'मॅडम, नॉनव्हेज चालेल, नाइट शिफ्ट चालेल, कुत्रा सोडून बोला.' सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015मध्येच तशा सूचना दिल्यात. पण या सूचना आहेत सोसायट्यांसाठी. भाडेकरू निवडणाऱ्या मालकासमोर त्या वाचून दाखवून काय उपयोग?

एका मित्राने सुचवलं, 'मग सोड ना परत तिच्या जागेवर. नियमच आहे तसा.' नियम आहे, खरंय. 2023च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्याला नसबंदी आणि लसीकरणानंतर जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. (कानाला छोटी खाच असलेली कुत्री दिसतात ना, त्यांची नसबंदी झालेली असते.) दिल्लीतल्या कुत्र्यांना सरसकट निवाऱ्यात टाकण्याचा ऑगस्ट 2025मधला आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात बदलला, तेव्हाही रेबीजची आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांना मूळ जागी सोडायला सांगितलं. पण त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेता येईल, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची.

मला हे दुसरं वाक्य जास्त लागलं. तर्रीची मिसळीची गाडी आता तिथे नाही. लंगडणारी, चार महिने सोफ्यावर झोपलेली कुत्री त्या कोपऱ्यावर सोडायची? मी तरी नाही सोडू शकत.

मग या वेळी मी नीट प्रश्नांची यादी केली. घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? दिवसा तिच्याजवळ कोण? गावाला गेलात तर कोण? दिवाळीत फटाक्यांच्या वेळी कोण? दरवर्षी लस, महापालिकेचा परवाना, अडीनडीला डॉक्टर, हा खर्च जमेल का? आणि शेवटचा : पाच वर्षांनी नोकरी बदलली, शहर बदललं, तर तर्री कुठे असेल?

यादी टाइप करून झाली आणि म्हटलं, आधी आपणच भरून बघू. शेवटच्या प्रश्नावर अडकले. पाच वर्षं सोडा, पुढच्या महिन्यात मी कुठे असेन, तेच मला माहीत नाही! तर्री नीट जगली तर बारा-चौदा वर्षं जगेल. माझं आयुष्य अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांत चाललंय. तिला 'आमची' का म्हणायचं नाही, ते त्या रात्री मला खरं कळलं.

परवा एक फोन आला. बँकेत नोकरी करणारी मुलगी, सहकारनगरात आईबरोबर राहते. तिने ब्रीड विचारलंच नाही. तिचा पहिला प्रश्न होता, 'तिला पावसाची भीती वाटते का हो?'

मी दोन सेकंद गप्पच झाले. वाटते. ढग गडगडले की कॉटखाली जाऊन थरथरत बसते. या वेळी सगळं सांगितलं. पायाचं, रडण्याचं, चपलांच्या कपाटाचं, नवव्या दिवशी परत आल्याचंसुद्धा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मला दोन दिवस द्या. दिवसा आई घरी असते, म्हणजे सांभाळायचं तिलाच आहे. तिला विचारते आणि कळवते.'

तेच ते 'कळवते'! पण या वेळी ते ऐकून मला चक्क बरं वाटलं. आईला विचारल्याशिवाय हो न म्हणणारी माणसं चौदा वर्षं टिकतात, असा माझा आपला अंदाज.

काल रात्री मेसेज आला. शनिवारी मायलेकी येतायत तर्रीला बघायला. पोहे करणार आहे, पण बटाट्याचे. न जाणो, एखादा घास खाली सांडायचा.