'कृपया हात लावू नये' : चित्रप्रदर्शने दृष्टिहीनांसाठी कधी खुली होणार? नांदेड-लातूरमध्ये काय करता येईल?

चित्रप्रदर्शन म्हटले की भिंतीवर फ्रेम, खाली नावाची छोटी चिठ्ठी आणि शेजारी 'कृपया हात लावू नये' ही पाटी. नांदेड असो की लातूर, सभागृहातली मांडणी हीच. दृष्टिहीन व्यक्तीसाठी प्रदर्शन त्या पाटीपाशीच संपते. दिसत नाही, हात लावायचा नाही आणि समजावून सांगायला कुणी नाही. दारावर त्यांना कुणी अडवत नाही, पण आत त्यांच्यासाठी काही ठेवलेलेही नसते.

हे बदलण्यासाठी मोठे संग्रहालय उभारण्याची गरज नाही. प्रदर्शन ठरवतानाच दृष्टिहीन प्रेक्षकाचा विचार झाला, तर तालुक्याच्या गावातही हे जमू शकते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनाविषयी आहे. दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवन जगता यावे यासाठी सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांनी उपाय करायचे आहेत. त्या उपायांमध्ये कला दिव्यांगांपर्यंत पोहोचेल अशी करणे, हा स्वतंत्र मुद्दा आहे. म्हणजे ही जबाबदारी दिल्ली-मुंबईपुरती नाही, ती महापालिका आणि नगरपालिकांचीही आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी प्रकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, किमान निकष बंधनकारकच हवेत, असे न्यायालयाने म्हटले.

प्रश्न किती जणांचा?

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. महाराष्ट्रात ती साडेपाच लाखांहून अधिक होती.

यातले सगळेच पूर्ण अंध नसतात. अनेकांना उजेड, ठळक रंग किंवा मोठी अक्षरे दिसतात. काहींची नजर काचबिंदू किंवा मधुमेहामुळे उतारवयात गेलेली असते. त्यांनी आयुष्यभर रंग पाहिलेले असतात, पण ब्रेल शिकलेले नसते. त्यामुळे 'ब्रेलची पाटी लावली की काम झाले' हा समज चुकीचा आहे.

प्रदर्शनात काय बदलायचे?

१. ऐकता येईल असे वर्णन. समजा, गोदावरीच्या घाटाचे चित्र आहे. 'गोदाकाठचे सुंदर निसर्गचित्र' एवढे सांगून काहीच कळत नाही. त्याऐवजी असे सांगता येईल : 'दोन फूट रुंद, जलरंगातले चित्र. खालच्या अर्ध्या भागात राखाडी-निळे पाणी. डावीकडून दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. शेवटच्या पायरीवर एक बाई पाठमोरी वाकली आहे. पूर्ण चित्रात लाल रंग फक्त तिच्या लुगड्यावर आहे.' आधी आकार आणि माध्यम, मग संपूर्ण चित्र, मग तपशील. रंग वगळायचे नाहीत.

हे मोबाइलवर रेकॉर्ड करून क्यूआर कोडला जोडता येते. दोन मिनिटांची ऑडिओ फाइल ६४ केबीपीएस दर्जाने साठवली तर ती साधारण १ एमबीची होते, म्हणजे कमी नेटवर्कमध्येही चालते. कोड प्रत्येक चित्राखाली एकाच उंचीवर हवा आणि त्याच्याभोवती उंचवट्याची चौकट हवी, म्हणजे बोटाला तो सापडतो. फोनमधले टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर पुढचे वाचून दाखवते.

२. स्पर्शाचे टेबल. मूळ चित्राला हात लावू न देण्यामागे कारण आहे. हाताचा घाम आणि तेलकटपणा रंगाला व कागदाला खराब करतो. म्हणून निवडक चार-पाच चित्रांच्या उठावदार प्रती कराव्यात. त्यासाठी खास कागद मिळतो. त्यावर काळ्या शाईत रेषा छापून कागद तापवला की तेवढ्याच रेषा फुगून वर येतात. ते जमले नाही तर जाड पुठ्ठा, दोरा आणि कापड वापरूनही प्रत होते. चित्रकाराने त्याच रंगांचे फटकारे मारलेला कॅनव्हासचा तुकडा शेजारी ठेवला, तर जाड तैलरंग आणि सपाट जलरंग यांतला फरक बोटांना कळतो.

३. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी मांडणी. चिठ्ठीवरची अक्षरे मोठी आणि ठळक हवीत, काचेवर दिव्याची चमक नको आणि चालण्याच्या वाटेत स्टँड किंवा वायर नको.

हे कुठे झाले आहे?

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' हे स्पर्शदालन आहे. तिथे मूळ वस्तूंच्या प्रतिकृती हाताळता येतात. स्पेनमधील प्राडो संग्रहालयाने २०१५ मध्ये नामवंत चित्रांच्या उठावदार प्रती मांडल्या. मुंबईत पार्थो भौमिक यांनी सुरू केलेल्या 'ब्लाइंड विथ कॅमेरा' उपक्रमात दृष्टिहीन व्यक्ती स्वतः छायाचित्रे काढतात. त्यांच्या प्रदर्शनांत उठावदार प्रती, ब्रेल आणि ध्वनिवर्णन असते.

दृष्टी नसलेला माणूस केवळ प्रेक्षक असतो, असेही नाही. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर गेली. त्यानंतरही त्यांनी कोलाज आणि शिल्पे केली. शांतिनिकेतनच्या कलाभवनात त्यांनी टाइल्सचे मोठे भित्तिचित्रही साकारले.

नांदेड-लातूरने सुरुवात कुठून करावी?

या भागाचा वारसा प्रामुख्याने दगडात आहे आणि शिल्प हे स्पर्शाने समजण्याजोगे माध्यम आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, कंधारची शिल्पे आणि औसा तालुक्यातील खरोसा लेणी ही जवळची उदाहरणे. पुरातत्त्व विभागाच्या परवानगीने निवडक शिल्पांचे चहूबाजूंनी फोटो घेऊन त्यावरून थ्रीडी मॉडेल करता येते आणि ते छापता येते. हे काम अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. वर्णन लिहिण्याचे काम कला आणि मराठी विभागांचे विद्यार्थी करू शकतात. असा एक संच तयार झाला की तो महोत्सवांत, शाळांत आणि अंध विद्यालयांत फिरवता येईल.

पैशांचा प्रश्न येतोच. स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव ठेवावा लागतो. पेन्शन आणि साहित्यवाटपाला धक्का न लावता त्यातला छोटा भाग सार्वजनिक सभागृहांतील अशा सोयींसाठी देता येईल का, याचे उत्तर दोन्ही महापालिकांनी द्यायला हवे. शिवाय सभागृह भाड्याने देताना 'किमान पाच कलाकृतींचे ध्वनिवर्णन हवे' अशी अट घातली, तर त्यासाठी पालिकेला एक रुपयाही लागणार नाही.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. डोळे मिटून केलेली चाचणी पुरेशी नसते. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी दृष्टिहीन प्रेक्षकांना बोलवावे, त्यांना प्रदर्शनात फिरू द्यावे आणि ते जिथे अडतील तिथे दुरुस्ती करावी. दिव्यांग दिनाला सत्कारासाठी व्यासपीठावर बोलावण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहेच. आता त्यांना प्रदर्शनाच्या तयारीच्या बैठकीलाही बोलवायला हवे.