घड्याळाची घडणावळ

लग्नात जावयाला अंगठीबरोबर मनगटी घड्याळ देण्याची रीत इस्लामपूरच्या व्यापारी कुटुंबांत जुनीच आहे. वेस्ट एंड, फेवर-ल्यूबा ही एके काळी परिचित असलेली स्विस नावे; १९६० नंतरच्या दशकांत बंगळूरच्या एचएमटीने त्यांची जागा घेतली. आता पुन्हा स्विस घड्याळाची बोलणी ऐकू येतात. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी १० मार्च २०२४ रोजी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. शुल्क उतरेल, हे खरे. परंतु काही लाखांच्या त्या वस्तूत नेमके काय विकत घेतले जाते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

व्यापारी मन प्रथम सोन्याचे वजन करते. समारंभात घालावयाच्या पातळ, साध्या घड्याळाच्या पेटीतील सोने तोळ्यांत मोजून भाव लावला, तर बेरीज किमतीच्या जवळपासही जात नाही. उरलेली रक्कम बव्हंशी नावाची आणि घडणावळीची. दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. घड्याळाच्या बाबतीत मात्र त्याचा सोयीस्कर विसर पडतो. मोजकी नमुनेदार घड्याळे वगळता अशी वस्तू विकताना खरेदीपेक्षा कमीच रक्कम हाती येते. तिला गुंतवणूक म्हणणे हा विक्रेत्याचा शब्द आहे, हिशेबनिसाचा नव्हे.

मग ही घडणावळ कशाची? चावी दिली की स्प्रिंग गुंडाळली जाते आणि उलगडताना चक्रांची साखळी फिरवू लागते. ती एकदम सुटू नये म्हणून कृत्रिम माणकांचे दोन दात असलेला छोटा खटका तिला क्षणोक्षणी अडवतो व सोडतो. आपण ऐकतो ती टिकटिक त्याचीच. आजच्या अनेक घड्याळांत हे सेकंदाला आठ वेळा, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० वेळा घडते. हे सारे काही मिलिमीटरांच्या जाडीत बसवावयाचे, आणि पातळपणा वाढला की चुकीला जागा उरत नाही. उत्तम कारागीर याहून पुढे जातो. आतील पट्ट्यांच्या कडा तो तिरक्या घासतो आणि जेन्शियन या डोंगरी वनस्पतीच्या वाळलेल्या देठाने त्यांना आरशासारखी झिलई देतो. यंत्राला आतला कोपरा धारदार काढता येत नाही. तो हातानेच काढावा लागतो. म्हणून घड्याळ घेताना पालथे करून, पाठीला काच असल्यास भिंगातून ते कोपरे पाहावेत. युनेस्कोने २०२० साली या भागातील घड्याळकारागिरीची वारसा म्हणून नोंद केली.

अचूकता हे मात्र त्याच्या खरेदीचे कारण होऊ शकत नाही. प्रमाणित स्विस यांत्रिक घड्याळालाही दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट असते. काही शे रुपयांचे सेलवरचे घड्याळ सहसा त्याहून खूपच कमी चुकते. यांत्रिक घड्याळाचे बळ वेगळे आहे. त्याचा प्रत्येक भाग पुन्हा घडवता येतो, त्यामुळे ते नातवापर्यंत चालू शकते.

अट एवढीच की कोणीतरी ते उघडून, धुऊन, तेल देऊन पुन्हा जोडले पाहिजे. साधारण पाच वर्षांनी एकदा. त्यासाठी इस्लामपुराहून पुणे-मुंबई गाठावी लागते आणि काही घड्याळे थेट स्वित्झर्लंडला जातात. तो खर्च व लागणारा काळ खरेदीपूर्वीच लेखी विचारून घ्यावा. पक्के बिल व हमीपत्रही त्याच फाइलीत असावे.

आणखी एक प्रश्न विक्रेता स्वतःहून काढत नाही. अशा घड्याळाचा पट्टा प्रथेने मगरजातीच्या प्राण्याच्या कातड्याचा असतो. जैन घरात ही बाब दुय्यम नाही. पट्टा नंतर बदलता येतो, पण तोवर कातड्याचे पैसे दिलेले असतात. धातूच्या किंवा कापडी पट्ट्यासह मागणी नोंदवता येते का, हे आधीच विचारावे. बऱ्याच कंपन्या पर्याय देतात. तेलाची चिंता मात्र आता राहिली नाही. पूर्वी नाजूक घड्याळांत शिंशुकाच्या जबड्यातून काढलेले तेल वापरत. आज त्याची जागा रासायनिक तेलाने घेतली आहे. आजोबांच्या ट्रंकेत एखादे वेस्ट एंड बंद पडून असेल, तर जाणत्या कारागिराकडून त्यातील वाळलेले तेल धुऊन घेतल्यावर ते पुन्हा चालूही लागेल, आणि त्याचा खर्च नव्या घड्याळाच्या नुसत्या पट्ट्याहून कमी असू शकतो.