गोधडी पांघरलेली हिमनदी

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हिरवी कुरणं, घंटा बांधलेल्या गायी आणि अर्थातच शाहरुख-काजोल! युरोप टूरचं कुठलंही ब्रोशर उघडा, त्यात माउंट टिटलिस असतंच. वर या लाडक्या जोडीचा कटआउटसुद्धा उभा केलाय. त्यांच्यासोबत फोटो काढायला आपली माणसं रांग लावतात, आणि हो, चक्क रांगेत उभी राहतात!

मी आईबाबांना घेऊन गेले होते. एंगेलबर्ग गाव साधारण १००० मीटर उंचीवर. तिथून गोंडोलानं स्टांड नावाच्या स्टेशनापर्यंत जायचं, म्हणजे २४२८ मीटर. आणि मग येते ती फेमस ‘रोटेअर’. १९९२ साली सुरू झालेली, जगातली पहिली गोल फिरणारी केबल कार. पाचेक मिनिटांच्या प्रवासात ती स्वतःभोवती एक पूर्ण चक्कर मारते. त्यामुळे प्रत्येकाला सगळा नजारा मिळतो, विंडो सीटसाठी मारामारी नाही. (चर्चगेट-विरारवाल्यांनो, ऐकताय ना?) वरचं स्टेशन ३०२० मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट उंची आणि तीही घामाचा एक थेंब न गाळता. बाबांचे गुडघे जाम खूश!

गोची आहे ती इथेच. सगळं इतकं सोपं झालंय की आपण नक्की कुठे आलोय, हेच लक्षात येत नाही. ग्रुप टूरवाल्यांच्या हातात वेळ मोजका. बर्फाचे गोळे फेकले, कटआउटपाशी फोटो काढला, हॉट चॉकलेट प्यायलं की चला खाली. पण ज्याच्यावर उभे राहून आपण हा दंगा करतो, तो नुसता बर्फ नसतो. ती हिमनदी असते. वर्षानुवर्षं पडलेल्या हिमाचे थर एकमेकांखाली दबतात, त्यांचा घट्ट बर्फ होतो आणि तो स्वतःच्याच वजनानं हळूहळू खाली सरकत राहतो. मराठीतलं नाव किती चपखल आहे बघा, ती खरोखरच नदी आहे! टिटलिसला तिच्या पोटात शिरायची सोय आहे. बर्फात कोरलेली गुहा आहे, आणि आत सगळं निळं. दाट बर्फ प्रकाशातला लाल रंग शोषून घेतो आणि निळा मागे उरतो, म्हणून.

पण आईची नजर भलतीकडेच. उन्हाळ्यात तिथली माणसं हिमनदीच्या काही भागांवर पांढऱ्या फ्लीसच्या मोठमोठ्या चादरी अंथरतात. ते बघून ती म्हणाली, “अगं, बर्फाला गोधडी कशाला पांघरलीय? त्याला थंडी वाजते का?”

मला हसू आलं. मग तिला सांगितलं, थंडी वाजू नये म्हणून नाही, ऊन लागू नये म्हणून. पांढरा रंग ऊन परतवतो, खालचा बर्फ कमी वितळतो. पण ही गोधडी पुरून पुरून पुरणार किती? गुहेपुरती किंवा वाटेपुरती. अख्ख्या हिमनदीला झाकणार कोण? २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांमधला १० टक्के बर्फ संपला. १९६० ते १९९० या तीस वर्षांत गेला होता, तेवढा. हे ऐकल्यावर आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तुझ्या पोरांना हे नाही दिसायचं.” (त्यातही लग्नाचा विषय घुसवला, ते सोडा.)

आता तुम्ही म्हणाल, मग जावं की नाही? विमानानं इतक्या लांब जायचं आणि वर जाऊन बर्फासाठी हळहळायचं, यात गंमत आहेच. माझं सरळ मत आहे: ‘बकेट लिस्ट’मध्ये टिक करण्यापुरतं जायचं असेल, तर राहू दे. पण जायचंच ठरलं, तर धड जा. दहा दिवसांत सात देशांऐवजी एकच देश करा, तिथे ट्रेननं फिरा. केबल कारच्या आदल्या रात्री खालच्या गावात मुक्काम करा आणि सकाळी वेबकॅमवर हवा बघूनच निघा, नाहीतर सगळे पैसे ढगात! वर हवा विरळ असते, समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच. म्हणून सावकाश चाला, पाणी पीत राहा, गॉगल विसरू नका. घरात कुणाला बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आईबाबांना न्यायचा बेत ‘फ्लॅटचं लोन फिटलं की बघू’ म्हणून पुढे ढकलत असाल, तर एकदा कॅलेंडर काढून बसाच. त्यांचे गुडघे आणि तो बर्फ, दोघंही आपल्या ईएमआयसाठी थांबणार नाहीत.