आखूडशिंगी, बहुदुधी आणि खिशात मावणारं

टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून एका वाचकांचं पत्र आलंय. ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलंय, रात्री उशिरा दुकान बंद करून एकट्याला गाडीपर्यंत जावं लागतं, आणि ओळखीतले बरेच जण जवळ काही ना काही बाळगतात. ‘खिशात मावेल, हलकं असेल, झटका देणार नाही, गोळ्या भरपूर मावतील आणि ऐन वेळी दगा देणार नाही, असं पिस्तूल सुचवा,’ असं ते म्हणतात. या सदरात शिलाई मशीनपासून पाणी उपसायच्या पंपापर्यंत सगळ्यांवर लिहून झालंय, मग पिस्तुलानंच काय घोडं मारलंय, असा त्यांचा सूर आहे. पिस्तुलाबद्दल लिहायला माझी हरकत नाही. पण मागणी वाचून गुरांच्या बाजारातलं आपलं जुनं गिऱ्हाईक आठवलं: गाय आखूडशिंगी हवी, बहुदुधी हवी, आणि वर लाथ मारायला नको.

हलकेपणा आणि कमी झटका या दोन अटी एकत्र नांदत नाहीत, आणि त्यावर कुठल्याच कंपनीकडे इलाज नाही. गोळी पुढे सुटली की पिस्तूल मागे येणारच. ते जड असेल तर धक्का त्याच्या वजनात जिरतो, हलकं असेल तर चालवणाऱ्याच्या तळहातात. अमेरिकेत खिशातल्या पिस्तुलाचं नाव निघालं की आधी रूगर एलसीपी पुढे येतं. २००८ साली आलेल्या या पिस्तुलाचं रिकामं वजन २६६ ग्रॅम, म्हणजे पावशेरापेक्षा जेमतेम जास्त. लांबी १३ सेंटिमीटर, जाडी दोन, नळी सात. मॅगझिनमध्ये सहा काडतुसं. खिशात ठेवलं की असल्याचं जाणवतही नाही. हातात घेतलं की मात्र मूठ दोनच बोटांना पुरते, करंगळी हवेत लोंबते. नेम धरायला वरच्या बाजूला नखाएवढे दोन उंचवटे, आणि त्यांच्यातलं अंतर इतकं थोडं की हात एक मिलिमीटर ढळला तरी सहा-सात मीटरवर गोळी चार बोटं बाजूला जाते. पहिलं मॅगझिन संपेपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यात झोंबायला लागतं आणि दुसरं भरायची हौस उरत नाही. खरी मेख इथेच आहे. जे चालवायला नको वाटतं त्याचा सराव होत नाही, आणि सराव नसलेल्या हातात ते कितीही महागाचं असलं तरी काय कामाचं?

ही पिस्तुलं इतकी लहान का झाली, याचं उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा कायद्यात जास्त सापडतं. १९८७ साली फ्लोरिडाने लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना पात्र नागरिकाला द्यायलाच हवा, असा कायदा केला. मग एकामागून एक राज्यं त्याच वाटेने गेली. टेक्सस १९९५ मध्ये. आधीच्याच वर्षी केंद्राने नव्या मॅगझिनवर दहा काडतुसांची मर्यादा घातली होती, ती २००४ पर्यंत टिकली. दहाच मावणार असतील तर मोठं धूड कशाला, असा हिशेब कारखानदारांनी केला आणि पिस्तुलं आटू लागली. जॉर्ज केलग्रेन या मूळच्या स्वीडिश माणसाने फ्लोरिडातल्या आपल्या केल-टेक कारखान्यात ती पार खिशापर्यंत आणली. त्यांचं पी-३एटी २००३ चं. रूगरचं एलसीपी त्याच्या इतकं जवळ जातं की दोन्ही शेजारी ठेवली तर कुणीही सख्खी भावंडंच म्हणेल. त्या एलसीपीची पहिली खेप कंपनीला त्याच वर्षी परत बोलवावी लागली, कारण नळीत काडतूस असताना हातातून पडलं तर गोळी सुटण्याचा धोका होता. ज्याला जुनं, वापरलेलं पिस्तूल स्वस्तात मिळतंय त्याने हे ध्यानात ठेवावं.

आता काडतूस. एलसीपी .३८० एसीपीचं आहे. हे काडतूस जॉन ब्राउनिंगचं, १९०८ सालचं. गोळीचं वजन साधारण सहा ग्रॅम. ९ मिलिमीटरची गोळी साडेसातच्या आसपास आणि वेगही जास्त. त्यामुळे .३८० ला खेळणं म्हणून हिणवणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एकच तारीख सांगावी. ३० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला हाउसमध्ये नथुराम गोडसेच्या हातात जे बेरेटा होतं, ते याच काडतुसाचं. इटलीत त्याला ९ मिलिमीटर कॉर्टो म्हणतात, एवढाच फरक. तीन गोळ्या, हाताच्या अंतरावरून, हात जोडून आलेल्या निःशस्त्र म्हाताऱ्या माणसावर.

आणि नेमकं हेच खिशातल्या पिस्तुलाबद्दल कुणी उघडपणे बोलत नाही. लहान पिस्तुलाने माणूस मरतो, पण तो त्या क्षणी थांबेलच असं नाही. दबा धरून, अंगाशी जाऊन, बेसावध माणसावर हल्ला करणाऱ्याला लहान पिस्तूल फार सोयीचं. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री जॉन विल्क्स बूथने लिंकन यांच्या डोक्यामागे धरलेलं डेरिंजर तळहातात मावणारं आणि एका गोळीचं होतं. खुनाला तेवढं पुरलं. पण शेजारी बसलेले मेजर रॅथबोन उठून अंगावर आले, तेव्हा पिस्तूल रिकामं होतं आणि बूथला सुरा काढावा लागला. बचाव करणाऱ्याची अवस्था याच्या उलट असते. वेळ समोरचा ठरवतो, अंतर समोरचा ठरवतो, अंधार असतो, हात थरथरत असतो. त्याला गरज असते भक्कम मुठीची, दिसेल अशा नेमाची, सहा-सात गोळ्यांहून जास्त साठ्याची. खिशातल्या पिस्तुलात नेमक्या याच गोष्टी छाटलेल्या असतात.

१९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. एका संशयिताला सुरुवातीलाच जिवावर बेतणारी गोळी लागूनही तो लढत राहिला होता. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यावर गोळ्यांच्या चाचण्या सुरू केल्या आणि गोळी निदान बारा इंच शिरली पाहिजे असं ठरलं. सात सेंटिमीटरच्या नळीतून सुटलेल्या .३८० ची इथे ओढाताण होते. पसरणारी गोळी घ्यावी तर बारा इंचांच्या आतच थांबते; न पसरणारी खोल जाते, पण जखम अरुंद राहते. विकणारा हे स्वतःहून सांगत नाही.

पत्रलेखकांना कुठलं घ्यावं हेच सांगायचं तर माझं मत सरळ आहे. पहिलं पिस्तूल खिशातलं घेऊ नका. सराईताने तिसरं-चौथं म्हणून घ्यायची ही वस्तू नवशिक्याला पहिली म्हणून विकली जाते. २०१८ मध्ये सिग सावरचं पी३६५ आलं; वजन अर्ध्या किलोच्या आसपास, ९ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये दहा काडतुसं. तेव्हापासून या जातीची पिस्तुलं सगळ्याच कंपन्यांनी काढली आहेत. खिशात ती नीट बसत नाहीत, कमरपट्ट्याला बसतात. त्यापायी सदरा थोडा ढगळ घालावा लागला तर घालावा.

खिशाशिवाय गत्यंतरच नसेल तर स्मिथ अँड वेसनचं पाच काडतुसांचं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन बघा. मॉडेल ६४२ चा घोडा आत झाकलेला असतो, त्यामुळे तो कापडात अडकत नाही. स्लाइड मागे ओढायची कटकट नाही. लहान पिस्तुलांची स्प्रिंग ताठ असल्याने अनेकांना, विशेषतः सांधे दुखणाऱ्यांना, स्लाइड ओढताच येत नाही. दुकानात विक्रेत्यानेच ओढून दाखवलेली असते. रिव्हॉल्व्हरचा चाप मात्र जड, पाचेक किलोचा, आणि तो जोर लावताना नेम ढळतो.

काहीही खिशात ठेवलं तरी चाप पूर्ण झाकणारं खिशाचं होल्स्टर हवंच, आणि त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ली नको, सुटे पैसे नकोत, लिप बाम नको. चापाच्या कड्यात किल्ली शिरली की काय होतं, ते स्वतःच्या मांडीवर शिकायची गरज नाही. महिन्यातून एकदा खिशातला कापसाचा भुगा साफ करा. तो नळीपेक्षा स्लाइडच्या खाचांत जास्त जमतो.

टेक्ससमध्ये २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवानाही लागत नाही. तरी परवाना काढाच. त्यासाठी चार ते सहा तासांचा वर्ग करावा लागतो आणि पन्नास गोळ्यांची चाचणी द्यावी लागते. ज्याला ती जड जाते त्याने खिशात काही ठेवू नये. दुकानांच्या दारावरचे ३०.०६ चे फलक वाचायला शिका. परवानाधारकालाही तिथे लपवलेलं शस्त्र आत नेता येत नाही. ५१ टक्क्यांचा लाल फलक असलेल्या बारमध्ये तर मुळीच नाही. पत्रलेखकांचे एच-वन बीवरचे मित्रही चौकशी करताहेत म्हणे. त्यांच्यासाठी उत्तर आणखी सोपं आहे. बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर अमेरिकी केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवता येत नाही. राज्याचा कायदा कितीही सैल असो. मित्राची ‘जरा धरून बघू’ म्हणून हातात घेणंही अंगलट येऊ शकतं, आणि व्हिसा जातो तो वेगळाच.

घरात लहान मूल असेल तर कुलपाची पेटी पिस्तुलाच्या आधी विकत घ्या. घरात कुणी निराशेच्या फेऱ्यात असेल तर पिस्तूल घरात आणूच नका. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात.

आपल्याकडचा प्रश्न वेगळाच. भारतात ९ मिलिमीटर सामान्य माणसाला निषिद्ध, परवाना मिळालाच तर .३२ वर समाधान मानायचं. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं: अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. त्या किमतीत कुणाच्या पर्समध्ये ते जाणार होतं, हे कारखान्याने स्वतःला विचारलं नसावं. शिवाय परवान्यासाठी पोलिस आयुक्तांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना आपल्याला शस्त्राची खरंच गरज आहे हे पटवावं लागतं. ही अट मला चुकीची वाटत नाही.

लहान पिस्तुलाचा शेवटचा दोष म्हणजे ते विसरलं जातं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवरच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या, आणि ‘बॅगेत आहे हे लक्षातच नव्हतं’ हे ठरलेलं उत्तर. भारतात तर नुसतं एक काडतूस पुरतं. शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. ते जाणूनबुजून बाळगलं नव्हतं म्हणून कोर्टात सुटका होते, पण तोवर सुट्टी संपते, पासपोर्ट अडकतो आणि वकिलाची फी भरावी लागते. रेंजवर नेलेली सॅक दिवाळीला मुंबईला येताना कृपा करून घरीच ठेवा. तीच आणायची असेल तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटका, आणि मगच कपडे भरा.