अठरा जणांची यादी आणि ‘नॉट फाउंड सुटेबल’

24 मे 2025. इंग्लंड दौऱ्यासाठी भारताच्या कसोटी संघातले अठरा खेळाडू जाहीर होत होते. हॉस्टेलच्या मेसमध्ये आम्ही सातआठ जणी एकाच मोबाईलभोवती बसलो होतो. शुभमन गिल कर्णधार, आठ वर्षांनी करुण नायर परत, आणि सरफराज खान नाही. शेजारी बसलेली जौनपूरची मैत्रीण पटकन म्हणाली, “अरे, इसका तो एनएफएस हो गया!”

सगळ्या हसल्या. तिथे बसलेल्या प्रत्येकीला एनएफएस म्हणजे काय ते ठाऊक होतं. नॉट फाउंड सुटेबल. राखीव जागा असते, अर्ज येतात, पात्र उमेदवार इंटरव्ह्यूला जातात, आणि निकालात नावाऐवजी हे तीन शब्द येतात. विनोद कडू होता. पण तेव्हापासून मी राष्ट्रीय संघाच्या निवडीकडे वेगळ्या नजरेने बघते आहे.

आधी आकडे बघू. सरफराजने रणजी करंडकात 2019-20 च्या हंगामात 928 धावा केल्या, 2021-22 मध्ये 982, 2022-23 मध्ये 556. तरीही कसोटी पदार्पण झालं फेब्रुवारी 2024 मध्ये, राजकोटला. मधल्या काळात त्याच्या धावांपेक्षा वजनाची चर्चा जास्त झाली. पदार्पणात त्याने 62 आणि नाबाद 68 केल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध 150. त्यानंतरच्या दोन कसोटींत 11, 9, 0 आणि 1. मग ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर नेलं, पण एकही कसोटी खेळवली नाही.

कारण सांगितलंच नाही असं नाही. निवड समितीच्या अध्यक्षांनी पत्रकारांसमोर सांगितलं: शतकानंतर सरफराजच्या धावा झाल्या नाहीत, आणि करुणने देशांतर्गत क्रिकेटमध्ये भरपूर धावा केल्या आहेत. करुणच्या धावा खऱ्याच होत्या. विदर्भाला रणजी करंडक जिंकून देताना 863, आणि विजय हजारे करंडकात 779. त्याच्यावरही अन्याय झालाच होता. डिसेंबर 2016 मध्ये चेन्नईत नाबाद 303 करणारा हा फलंदाज पुढच्याच वर्षी कसोटी संघाबाहेर गेला.

मग प्रश्न उरतो. एकासाठी देशांतर्गत धावांचा ढीग मोजला, दुसऱ्यासाठी चार डाव मोजले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर असू शकतात. त्या हंगामात सरफराज रणजीत फारसा दिसला नाही, हेही खरं. पण फूटपट्टी कोणती, हे आधी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. कारण सांगितलं गेलं, निकष सांगितला गेला नाही. आपल्यासारख्यांचं आयुष्य या दोहोंमधल्या फरकात अडकलेलं असतं.

इथे घाई करायला नको. देशांतर्गत फॉर्म म्हणजे सगळं काही नाही. रणजीत 38 संघ आहेत. प्लेट गटातल्या दोनशे धावा आणि बलाढ्य संघाविरुद्ध हिरव्या खेळपट्टीवरच्या ऐंशी धावा यांची किंमत सारखी नसते. निवडकर्त्याची नजर लागतेच. आणि डावललं जाणं ही फक्त आपलीच मक्तेदारी नाही. रणजीत 637 बळी घेणारे राजिंदर गोयल आणि प्रथम श्रेणीत 589 बळी घेणारे पद्माकर शिवलकर कधीच कसोटी खेळले नाहीत, कारण त्यांच्याच काळात बिशनसिंग बेदी होते. पदार्पणात 260 धावा आणि पुढे अकरा हजारांहून जास्त धावा करणारे अमोल मुझुमदारही भारताकडून खेळले नाहीत.

म्हणजे सरफराजला त्याच्या नावामुळे वगळलं का? हे सिद्ध करता येत नाही. नाकारताही येत नाही. अडचण तीच आहे. निकष लिहिलेला नसला की संशयाला उत्तर नसतं. ज्याच्या आडनावाला कधी दार बंद झालेलं नाही, तो ‘नशीब’ म्हणून पुढे जातो. ज्याच्या तीन पिढ्यांनी बंद दारं पाहिली आहेत, तो आयुष्यभर स्वतःलाच विचारत राहतो, “मी कमी पडलो की मला कमी पाडलं?”

मी हा प्रश्न स्वतःला दोन वर्षं विचारला. पीएचडीच्या पहिल्या प्रयत्नात एका विद्यापीठात मी लेखी परीक्षेत वरच्या चौघांत होते. इंटरव्ह्यू सात मिनिटं चालला. त्यातली चार मिनिटं माझं कॉलेज कोणत्या तालुक्यात आहे यावर गेली. निवड झाली नाही. घरी सांगितलं, “माझीच तयारी कमी होती.” आईने विश्वास ठेवला, मीही ठेवला. पुढे एका सिनियरने माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला. मार्क आले: लेखीत चौथी, इंटरव्ह्यूत शेवटून दुसरी. त्या कागदाने मला प्रवेश दिला नाही, पण दोन वर्षांचं ओझं उतरवलं.

क्रिकेटपटूला हा कागदही मिळत नाही. 2018 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने बीसीसीआय माहिती अधिकाराखाली येते असा निर्णय दिला होता, तो न्यायालयात अडकला. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातली ही तरतूद सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांपुरतीच ठेवली गेली. बीसीसीआय सरकारकडून पैसा घेत नाही, फक्त देशाचं नाव घेते.

फॉर्म आणि निवड यांचा हा झगडा रणजीपेक्षा जुना आहे. रणजी करंडक 1934 चा. त्याच्या कितीतरी आधी बाळू पालवणकर नावाचे चांभार समाजातले डावखुरे फिरकीपटू पुण्याच्या मैदानांची निगा राखत, नेटमध्ये गोऱ्या साहेबांना गोलंदाजी टाकत तयार झाले. हिंदू संघाला ते हवे होते, कारण बळी हवे होते. मैदानात चेंडू सगळे त्यांच्या हातून घेत, आणि चहाच्या वेळी त्यांना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. इतका ‘फॉर्म’ असूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही.

1920 मध्ये बाळूंना वगळलं, आणि भाऊ विठ्ठल यांचा कर्णधारपदाचा हक्क डावलला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. संघ अडचणीत आला. तडजोड झाली, बाळू उपकर्णधार झाले. 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. 114 बळींनी जे दार उघडलं नाही, ते दोन भावांच्या ‘आम्ही खेळत नाही’ने किलकिलं केलं.

आणखी एक गोष्ट. ‘देशांतर्गत फॉर्म बघून निवडा’ ही मागणी बरोबर असली तरी अपुरी आहे, कारण तो फॉर्म दाखवायला आधी रणजीत पोचावं लागतं. माझा भाऊ तालुक्यातल्या टेनिस बॉल स्पर्धांत नावाजलेला गोलंदाज. त्याने लेदरचा चेंडू पहिल्यांदा हातात घेतला तो एकोणिसाव्या वर्षी. तोवर चौदा आणि सोळा वर्षांखालच्या निवड चाचण्या होऊन गेल्या होत्या. त्याच्या वयाच्या शहरी मुलांना टर्फ विकेट, बॅट, पॅड आणि सकाळी सोडायला गाडी होती. ईशान्येतल्या सहा राज्यांना तर रणजीत संघच मिळाला 2018-19 मध्ये. रणजीत पोचलेल्याला आज अंतिम अकरांत असल्यास दिवसाला 40 ते 60 हजार रुपये मिळतात. पोचेपर्यंतचा खर्च घरचाच.

अपवाद आहेत. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज 2016-17 च्या रणजी हंगामात 41 बळी घेऊन वर आला. बुंदेलखंडातल्या घुवारा गावची क्रांती गौड 2025 चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते तेच अमोल मुझुमदार. मला या दोघांचा अभिमान आहे. पण त्यांचं नाव घेऊन ‘बघा, मेरिट असलं की होतं’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते: असे किती, आणि त्यांच्या गल्लीतले बाकीचे कुठे आहेत?

दक्षिण आफ्रिकेने हा हिशोब उघडपणे मांडला. 2016 पासून राष्ट्रीय संघात हंगामाच्या सरासरीने सहा कृष्णवर्णीय खेळाडू, त्यांत दोन आफ्रिकन, असं लक्ष्य ठेवलं. ‘कोट्याचा खेळाडू’ म्हणून टेम्बा बवुमाला वर्षानुवर्षं हिणवलं गेलं. 14 जून 2025 रोजी लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी अजिंक्यपदाची गदा उचलली, ती त्याच बवुमाच्या नेतृत्वाखालच्या संघाने.

भारतात लगेच कोटा आणा, असं मी आज म्हणत नाही. त्याआधीच्या तीन साध्या गोष्टी मागते. हंगाम सुरू होण्याआधी निवडीचे निकष लिहून जाहीर करा: रणजी किती, भारत ‘अ’ संघाचे दौरे किती, फिटनेस किती. वगळलेल्या खेळाडूला कारण लेखी द्या. आणि चौदा वर्षांखालच्या शिबिरापासून राष्ट्रीय संघापर्यंत कोणत्या समाजातली, कोणत्या भागातली मुलं कुठल्या पायरीवर गळतात, याची मोजणी करून ती जाहीर करा. स्कोअरकार्डावर प्रत्येक चेंडूचा हिशोब ठेवणाऱ्या खेळाला एवढं जड जाऊ नये.

आणि तुम्हाला, घरातल्या पहिल्या पदवीधरांना, एक विनंती. पुढच्या वेळी यादीत नाव नसेल तर घरी फोन करून ‘मीच कमी पडलो’ म्हणायच्या आधी आपले मार्क मागवा. कागद हातात येऊ द्या. कमी पडलो असू, तर पुन्हा तयारी करू. कमी पाडलं असेल, तर पालवणकर भावांनी काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे.

जय भीम.